चाळीस पावलं

मान कापायची ती हनुवटीखाली नाही, पदर गळ्याशी जिथे वळतो तिथे कापायची. म्हणजे जोड दिसत नाही. मामंजींनी मला शिकवलेली ही पहिली गोष्ट.

त्या दुपारी मी सोनाबाई कोळेकरांना त्यांच्या पुतणीच्या लग्नातून कापून काढत होते. एका फोटोत एकोणीस माणसं, आणि सोनाबाई तिसऱ्या रांगेत, दोन फेट्यांच्या मधे अर्ध्या. डोळे कॅमेऱ्याकडे नाहीत, वाढप्यांकडे. त्यांचा एकटीचा फोटो जन्मात कुणी काढला नव्हता. आमच्याकडे बाईचा एकटीचा फोटो दोनदाच व्हायचा, लग्नाआधी दाखवायला आणि मेल्यावर भिंतीला लावायला. त्यातला दुसरा काढलेला नसायचाच, कापलेला असायचा.

आमचा स्टुडिओ माणदेशातल्या एका बाजारगावात. पुढे दुकान, मागे घर, आणि दोन्हींच्या मधे एक खोली. तिला सगळे ‘अंधारी’ म्हणत. रीळ धुवायच्या काळात मामंजींनी तिची खिडकी विटांनी बुजवली होती. पुढे रीळ गेलं, कॉम्प्युटर आला, विटा राहिल्या. मी लग्न होऊन आले त्याला पाच वर्षं झाली होती. मामंजी आणि माझा नवरा लग्नं काढायला गावोगाव हिंडत आणि मी अंधारीत बसून अल्बम भरत असे. ‘भरणं’ हाच शब्द. एका पानावर नऊ फोटो, कोपऱ्यांत गुलाब, मधल्या फटीत हंस, वरून धबधबा. कुठे बोटभर जागा उरली की मामंजी खुर्चीमागून वाकून म्हणत, “रतन, हे काय उघडं ठेवलंस? कागद उघडा पडला की घर उघडं पडतं.”

मी त्या जागेत एक फुलपाखरू टाकत असे.

कॅमेरा माझ्या हातात यायचा तो पुसण्यापुरता. मऊ फडक्याने भिंग पुसताना वाटायचं, एकदा, एकदाच, हा डोळ्याला लावून दाराबाहेर बघावं. पण दाराबाहेर जायचं म्हणजे पिठाची गिरणी आणि चतुर्थीला देऊळ. दोन्हीकडे आत्याबाई, माझ्या सासूबाई, सोबत.

तर सोनाबाईंची मान मी हिरव्या साडीवर बसवत होते, तेवढ्यात बाहेर आत्याबाईंचा आवाज आला. “अहो, आत नका जाऊ. आत काम चाललंय.”

“मेलेल्यांचंच चाललंय न्हवं? मग आमचा कसला इटाळ?” असं म्हणत एक म्हातारी अंधारीत आली. खांद्यावर काळं घोंगडं, हनुवटीवर गोंदणाचे तीन ठिपके. लकाबाई, सोनाबाईंची थोरली जाऊ. दुसऱ्या दिवशी सोनाबाईंचा दहावा होता आणि फोटो न्यायला ती मेंढरं सोडून चालत आली होती.

कॉम्प्युटरच्या पडद्याकडे ती बराच वेळ बघत राहिली.

“त्वांड सोनीचं हाय,” ती म्हणाली. “आंग कुणाचं?”

“फोटोत त्यांचं अंग पुरतं आलं नव्हतं आजी. आमच्याकडे तयार असतं. त्याच्यावर बसवायचं.”

“तयार?”

“हिरव्या साडीतलं एक आहे.”

“समद्या बायांना तेच?”

“तेच.”

“आन सोनी तर जलमभर नऊवारी नेसली. मेल्यावर तिला गोल पातळ कुणी नेसवलं?” लकाबाई पडद्याला नाक लागेल इतकी वाकली. फोटोतले हात मांडीवर होते, एकावर एक ठेवलेले. मग तिने मान वळवून माझ्या हाताकडे बघितलं. माझ्या उजव्या हाताची करंगळी लहानपणी दारात चेंगरली होती, तेव्हापासून वाकडी. ती माऊसवर तशीच बाहेर काढलेली होती. मला वाटतं मी हात मागे घेतला. पण उशीर झाला होता.

“शंभर मेंढरांत मी माझं मेंढरू कानावनं वळखती,” ती सावकाश म्हणाली. “पोरी, हे आंग तुझं हाय.”

पाच वर्षांत हे कुणालाही दिसलं नव्हतं.

लग्नानंतर पूजा झाली, तिच्या दुसऱ्या दिवशी मामंजींनी मला पुढच्या स्टुलावर बसवलं होतं. अंगावर माझ्या आईने दिलेली हिरवी साडी. “मान सरळ. हात मांडीवर. हसू नको,” ते म्हणाले. मला वाटलं, नव्या सुनेचा फोटो. हसू नको का, ते तेव्हा कळलं नाही. चार दिवसांनी चहा घेऊन अंधारीत गेले तर पडद्यावर मी बसले होते आणि माझ्या मानेवर एक अनोळखी, वारलेली बाई होती. “बघ कसं सुरेख बसलं,” मामंजी खुशीत होते. त्यांच्या मनात खरंच काही वाईट नव्हतं. “तुझं अंग लई कामाचं आहे, रतन.”

तेव्हापासून तालुक्यातल्या किती भिंतींवर हार घालून मी बसले, ते मोजलं नाही. विधवा असली तर गळ्यातलं मंगळसूत्र पुसायचं आणि साडी पांढुरकी करायची. तेही मीच करत असे. खरी साडी आत्याबाईंनी ट्रंकेच्या तळाशी टाकली. म्हणाल्या, “मढ्याची झाली ती. आता अंगाला लावू नको.”

यातलं मी लकाबाईला काही सांगितलं नाही.  सोनाबाईंचा फोटो पदरात गुंडाळून ती निघून गेली. जाताना उंबऱ्यावरून एकदा वळून बघितलं, तेही पडद्याकडे नाही, माझ्याकडे.

दहावा झाल्यावर तिसऱ्या दिवशी ती पुन्हा आली. मामंजी आणि हे एका लग्नाला गेले होते. आत्याबाई उंबऱ्याशी हुलगे निवडत होत्या.

“आता माझा फोटू काढ,” लकाबाई मला म्हणाली. “जित्तीचा. एकटीचा.”

मी तिला स्टूल दाखवलं. मागे रंगवलेला पडदा होता. त्यात बंगला, संगमरवरी जिना, तळं.

“ह्या बंगल्यात मी कवा ऱ्हायली गं?” तिने पडद्याला बोट लावून बघितलं. “माळाला चल. माझा जलम माळाला गेलाय.”

आत्याबाईंनी सुपातून मान वर केली. “आमच्या घरची सून कॅमेरा घेऊन हिंडत नाही.”

“मग मी मेल्यावर येऊ व्हय फोटू काढाय?”

 हुलग्यातला एक खडा आत्याबाईंनी उचलला आणि बराच वेळ चिमटीत धरून ठेवला. त्यांचाही एकटीचा फोटो नव्हता. फोटोवाल्याच्या घरात चाळीस वर्षं काढलेली बाई.

“एक तास,” त्या माझ्याकडे न बघता म्हणाल्या. “मोटार यायच्या आत परत. आणि पदर घे डोक्यावर.”

मोठा कॅमेरा लग्नाला गेला होता. कपाटात पासपोर्टचा छोटा कॅमेरा होता, डिजिटल कॅमेरे नवे आले त्या काळातला, साबणाच्या वडीएवढा. तो मी पदराखाली घेतला.

पाण्याची टाकी ओलांडली आणि गाव संपलं. पुढे नुसता माळ. पिवळं कुसळ, मुरूम, आणि त्यावर कुठे टेकलंय तेही न कळणारं आभाळ. मला भोवळ आली. पाच वर्षं माझ्या डोळ्यांपुढे हातभर अंतरावर पडदा होता. त्याच्यापलीकडे बघायची नजरेला सवयच उरली नव्हती. मी खाली माझ्या पायांकडे बघत चालले, गोठ्यातून पहिल्यांदा सोडलेल्या वासरासारखी.

मध्यावर लकाबाई थांबली. घोंगडं सारखं केलं, काठी टेकली. “हं. काढ.”

“मागे काय घेऊ?” मी विचारलं. झाड नव्हतं, घर नव्हतं, कुंडीही नव्हती.

“मागं काय हाय?”

“काहीच नाही.”

“मग तेच घे की.” आणि मग एकदम तिचा आवाज खाली आला. “पोरी, येक शबूद दे. मला कुणाच्या आंगावर बशिवणार न्हाईस. माझं त्वांड माझ्याच धडावर ऱ्हाऊ दे.”

“दिला,” मी म्हणाले.

मी कॅमेरा वर केला. तिचा चेहरा सगळी चौकट भरून समोर आला. कपाळावरच्या आठ्या, गोंदणाचे ठिपके, एका डोळ्यात मोतीबिंदूने पांढुरकं झालेलं ऊन. फोटो सुंदर झाला असता. बोट खटक्यावर होतं. आणि त्याच वेळी माझी नजर आपसूक तिच्या गळ्याशी गेली. पदर जिथे वळत होता, तिथे. कुठून कापायचं ते मला दिसलं.

मी कॅमेरा खाली घेतला आणि एक पाऊल मागे सरले.

मग दुसरं. मग दहावं.

“आगं कुटं चाललीस?” लकाबाई ओरडली. “मी काय चावती का?”

“हलू नका आजी. तशाच थांबा.”

“घरला जातीस का काय फोटू न काढता!” ती हसली. वाऱ्याने ते हसू अर्ध्यातच उचलून नेलं. मी मागे मागे जात राहिले, मोजत. वीस. तीस. चौकटीत ती आधी कमरेपर्यंत होती, मग पुरती झाली, मग पेराएवढी, मग नखाएवढी. ती जितकी लहान होत गेली तितकं आभाळ आत येत गेलं. चाळिसाव्या पावलाला टाच एका धोंड्याला लागली आणि मी थांबले. तिकडे ती वाट बघून कंटाळली असावी, कारण तिने ओवी धरली होती. तुटक तुटक ऐकू येत होती.

*येवढं आभाळ बाई, कुनी कुनाला वाटीलं*
*माझ्या वाटनीचं, मी पदरी गाठीलं*

मी खटका दाबला. एकदाच.

परत आले तर मोटार दारात होती.

मामंजी मला अंधारीत घेऊन गेले, कॅमेरा कॉम्प्युटरला जोडला आणि तो फोटो उघडला. खालच्या कोपऱ्यात एक काळी रेघ. बाकी सगळं मोकळं.

“हे काय?”

“लकाबाई कोळेकर.”

“कुठे आहे?” त्यांनी चष्मा पुसला. “ही? ही मुंगी? आणि एवढ्या आभाळात काय पापड वाळत घालायचेत? तुला पाच वर्षं काय शिकवलं मी? माणूस जवळ घ्यायचं, कागद भरायचा.” दुखावल्यासारखा आवाज होता त्यांचा. मग त्यांनी कॅमेऱ्याचं कपाट बंद केलं आणि किल्ली करगोट्याला बांधली. माझा नवरा बूट काढत होता. बराच वेळ काढत होता.

तो फोटो छापायचा नाही असं ठरलं. पण पासपोर्टचे फोटो छापले की पानाच्या खाली एक पट्टी उरते. ती कापून फेकायची असते. एका दुपारी त्या पट्टीवर मी लकाबाईला छापलं. लांबट, अरुंद, जेमतेम वीतभर. बाजाराच्या दिवशी ती आली तेव्हा आत्याबाईंच्या सुपाआडून तिला दिलं. तिने चिमटीत धरून उजेडाकडे केलं, बोटाने त्या रेघेला स्पर्श केला.

“ही मी,” ती म्हणाली. मग बोट तसंच वर सरकवत कागदाच्या टोकापर्यंत नेलं. “आन हे समदं बी माझंच.”

पुढे फार वर्षांनी शहरातल्या एका पोरीने मला विचारलं, मिनिमलिस्ट फोटोग्राफी तुम्ही कुठे शिकलात? त्याला असं नाव आहे हे मला तोवर माहीत नव्हतं. मी म्हणाले, एका खोलीत शिकले. तिला खिडकी नव्हती.

पुढच्याच चैत्रात लकाबाई गेली. तिचा मुलगा बिरा आला, हातात ती पट्टी.

“जरा मोठी करून द्या,” तो मामंजींना म्हणाला. “सोनाकाकीसारखी. हिरव्या पातळात. मंगळसूत्र न्हाई दावायचं, आमचा बा मागंच गेलाय. परवा दहावा हाय.”

मामंजी स्वतः माझ्या खुर्चीमागे येऊन उभे राहिले. “मूळ फोटो आहे ना?”

“आहे.”

“चेहरा घे जवळ.”

मी जवळ घेतला. काळी रेघ घोंगडं झाली.

“अजून.”

घोंगड्यावर एक तपकिरी ठिपका आला.

“अजून.”

ठिपक्याचे चौकोन झाले. चार तपकिरी, दोन काळे, एक पांढुरका. डोळे नाहीत, नाक नाही, गोंदण नाही. बिरा वाकून बघत होता. “आय कुटं हाय ह्यात?”

मामंजींचा हात खुर्चीच्या पाठीवर होता. तो घट्ट झालेला मला जाणवला. जन्मभर फोटो काढलेला माणूस, त्यांना अंतर कळत होतं.

“किती पावलं मागे गेली होतीस?” त्यांनी विचारलं.

“चाळीस.”

“मुद्दाम.”

“हो.”

त्यांनी खुर्चीची पाठ सोडली. मग ते बिराला म्हणाले, “दुसरा फोटो आण. लग्नाबिग्नातला असेल एखादा. त्यातून काढू.”

“त्येचं काय झालं बगा,” बिरा ओशाळून म्हणाला. “घरात असतील नसतील तेवढ्या फोटूंत म्हातारीनं आपल्या तोंडावर टिकल्या चिकटवून ठेवल्यात. काढाय गेलो तर कागदच फाटतोय. कवा केलं, काय कळंना.”

मला हसू आलं. पाच वर्षांत त्या खोलीत मी पहिल्यांदा मोठ्याने हसले असेन. हसता हसता डोळ्यांतून पाणी आलं आणि थांबेना. बिरा बिचारा आळीपाळीने आम्हा दोघांकडे बघत राहिला.

“आहे तसाच मोठा कर,” मामंजी अखेर म्हणाले. “पूर्ण कागदावर. आणि फ्रेम कर.” दारापर्यंत गेले आणि पाठमोरेच म्हणाले, “ते झालं की हिरवी साडी काढ. शेजारच्या गावचं एक आलंय.”

मी फोटो छापला. फ्रेम केला. कोळेकरांच्या भिंतीवर तो पुढे कितीतरी वर्षं होता. येणारा जाणारा प्रत्येक जण त्याच्या अगदी जवळ जाऊन उभा राहायचा, लकाबाई कुठे आहे ते शोधायला. हिरव्या साडीतल्या सोनाबाईंकडे तसं कुणी जायचं नाही.

त्या दुपारी बिरा फ्रेम घेऊन निघाला. मग मी उठले, आतल्या खोलीत गेले आणि ट्रंक उघडून तळाशी हात घातला.

साडीला डांबराच्या गोळ्यांचा वास होता. घड्यांवर रंग थोडा उडाला होता. मी ती नेसले.

“रतन!” आत्याबाई दारात उभ्या होत्या. “मढ्याची ती. उतरव आधी.”

“हिच्यात मेलेलं कुणी नव्हतं, आत्याबाई,” मी म्हणाले. “आत मीच होते.”

त्यांनी तोंडाला पदर लावला. पण दारातून बाजूला सरल्या.

मामंजी दुकानात बसले होते. त्यांच्यापुढे उभी राहून मी म्हणाले, “कॅमेऱ्याच्या कपाटाची किल्ली द्या.” त्यांनी वर बघितलं. पाच वर्षं या साडीवर त्यांनी कुणाकुणाचे चेहरे बघितले होते. माझा पहिल्यांदाच बघत होते.  करगोट्याची गाठ सोडवायला त्यांना वेळ लागला. किल्ली त्यांनी माझ्या हातात दिली नाही, काउंटरवर ठेवली.

कॉम्प्युटरवरची हिरवी साडी मी पुसली, असं सांगायला मला आवडलं असतं. ती पुढे दोन वर्षं चालली आणि मीच चालवली. पण त्या दुपारी मी बाहेर पडले.

बाजारपेठेत कांदे विकणारी एक बाई मला बघून तागडी तशीच धरून उभी राहिली. मग रस्ता ओलांडून आली. माझा पदर दोन बोटांत धरून तिने बघितला, मग माझा हात उचलला, वाकड्या करंगळीवरून अंगठा फिरवला.

“हे आमच्या आयचं पातळ हाय,” ती म्हणाली. “आन हात बी.” दर सणाला त्या हातांना तिने हार घातला असणार, कुंकवाचं बोट लावलं असणार. तिच्या डोळ्यांत असं काही होतं की मला हात ओढून घेता येईना. आम्ही तशाच उभ्या राहिलो. लोक बघत होते.

“साडी माझी आहे बाई,” मी हळूच म्हणाले. “माझ्या आईने दिलेली. सोड आता. मला माळाला जायचंय.”

तिने सोडला. सावकाश, एकेक बोट करून.

माळावर तोच धोंडा सापडला. त्यावर कॅमेरा ठेवला, दहा सेकंदांनी आपोआप खटका पडेल असं केलं आणि पळत सुटले. चाळीस पावलं जाऊन वळायचं होतं. दहा सेकंदांत चाळीस होत नाहीत. सतरा झाली आणि मागे खटका वाजला.

तो फोटो अजून माझ्याकडे आहे. खाली पिवळं कुसळ, वर सगळं मोकळं, आणि कोपऱ्यात एक हिरवा ठिपका, पदर उडालेला, पाठमोरा. चेहरा त्यात दिसत नाही. कुणी कापलेला नाही. तो पलीकडे बघतोय.